लक्ष्मी कोणत्या लिफ्टने जाते

मुलुंड पूर्वेला स्टेशनबाहेर, भाजीवाल्यांची रांग संपते तिथे, दसरा उलटला की एक बाई केरसुण्यांचा ढीग घेऊन बसते. शिंदीच्या पानांचा कोरडा, उन्हात तापलेला वास तिथे दरवळत असतो. कुणाला दिवाळी उटण्याने आठवते, कुणाला चकलीच्या भाजणीने, मला ती ह्या वासाने आठवते. एरवी 'झाडू' म्हणणारी माणसंही त्या दिवसांत तिला विचारतात, "लक्ष्मी कशी दिली?" आणि ती पण "घ्या ना ताई, घरात लक्ष्मी घ्या" म्हणत एकेक केरसुणी हातावर आपटून धूळ उडवून दाखवते.

मी काही देवभोळी नाही. उपास मला झेपत नाहीत आणि पोथी वाचायला घेतली की झोप येते. पण लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहायचं, हे मी एकदाही चुकवलेलं नाही. त्या संध्याकाळी पाटावर नाणी असतात, दागिने असतात, आमच्याकडे लॅपटॉपसुद्धा असतो. पण त्या सगळ्यात वर्षभर खरं राबणारी तेवढी एकटीच असते. वर्षभर दाराआड उभी राहिलेली, चुकून पाय लागला तर ज्या हाताने घाईत नमस्कार करायचा त्याच हाताने पुन्हा कोपऱ्यात भिरकावलेली. निदान एक दिवस तरी तिला पाटावर बसवतात, हे मला लहानपणापासून फार आवडत आलेलं आहे.

यंदा मात्र ह्या वासाबरोबर रागही आला, आणि रागाबरोबर एक जुना शरद ऋतू आठवला. तो मी मुलुंडपासून फार लांब, दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावात काढला होता.

मी यंत्रांच्या सुट्या भागांची तपासणी करणाऱ्या खात्यात आहे. कंपनीने मला एका वर्षासाठी तिकडच्या कारखान्यात पाठवलं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. निरोप द्यायला आलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "आणि अनिलच्या जेवणाचं काय?" अनिल म्हणजे माझा नवरा. मी सांगायची, "त्याला भूक लागली की तो जेवेल." तो जेवला. माझ्याशिवाय वर्षभर जेवला आणि वर दोन किलो वाढला. पण ते असो.

गावात सफरचंदांचा मोसम होता. कारखान्यातून येताना रस्त्याच्या कडेला पडलेल्या, सडू लागलेल्या सफरचंदांचा आंबूस-गोड वास यायचा. झाडं पिवळी, मग तांबूस झाली, आणि एके दिवशी पानांनी सरळ जमिनीवर उतरायचं ठरवलं. आमच्या इमारतीत सहा घरं होती, जिना लाकडी, करकरणारा. घरात शिरताना बूट बाहेर काढायचे, ह्या एका गोष्टीवर त्यांचं आणि माझं पहिल्याच दिवशी जमलं. बाकी कुणी कुणाकडे डोकावत नसे. साखर मागायला जाण्याची तिथे पद्धत नव्हती. संध्याकाळी दारं लागली की सहा घरांत सहा शांतता.

एका सोमवारी कामावरून आले तर माझ्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकत होती. तीवर झाडूचं चित्र आणि एक शब्द, 'केअरवोखे'. कुणीतरी चुकून लावली असेल म्हणून मी ती काढून खाली जिन्याच्या कठड्याला अडकवली. सकाळी ती परत माझ्या दारावर. पुन्हा खाली ठेवली, पुन्हा वर आली. तिसऱ्या वेळी पाटीबरोबर तळमजल्यावरच्या फ्राउ मायर स्वतः आल्या. ऐंशीच्या घरातली, ताठ, चष्मा साखळीला लावलेली बाई. त्यांनी मला हात धरून जिन्यापाशी नेलं, कपाटातून लांब दांड्याचा झाडू काढला आणि माझ्या हातात दिला. केअरवोखे म्हणजे झाडण्याची पाळी. ह्या आठवड्यात जिना, दारापुढचा फरसबंदी रस्ता आणि त्यावरची सगळी पानं माझी. शनिवारी संध्याकाळपर्यंत. पुढच्या सोमवारी पाटी शेजारच्या दारावर जाणार, मग त्याच्या पुढच्या.

"आणि वरचे डॉक्टर?" मी विचारलं. दुसऱ्या मजल्यावर एक शल्यचिकित्सक राहायचे. गावच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर.

फ्राउ मायरना माझा प्रश्नच कळला नाही. "त्यांचा आठवडा झाला की," त्या म्हणाल्या.

पुढे मी ते डोळ्यांनी बघितलं. शर्टाच्या बाह्या दुमडून डॉक्टरसाहेब जिना पुसत होते, आणि मी पायरीवर पाय देणार तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं, "ओलं आहे." मी पायातले बूट हातात घेऊन कडेकडेने वर गेले. वर जाऊन मी मुलुंडला फोन लावला. अनिलला म्हटलं, "अरे, इथे सर्जन जिना पुसतो." तो म्हणाला, "काय सांगतेस! नोकरी गेली की काय त्याची?"

आता कुणी लगेच डोळे मिटून जर्मनीची आरती ओवाळायला घेऊ नये. आमच्या कारखान्याचं ऑफिस झाडायला ज्या बायका येत त्या तिथल्या नव्हत्या, दूरच्या देशांतून आलेल्या होत्या. सगळे यायच्या आत त्या काम उरकून निघून जात. मी एकदा लवकर पोचले म्हणून त्या मला दिसल्या, नाहीतर कचऱ्याच्या टोपल्या आपोआप रिकाम्या होतात असंच मला वाटत राहिलं असतं. माणसाला माणूस दिसू नये ह्याची सोय सगळीकडेच आहे. मला सांगायचंय ते फक्त त्या एका लाकडी जिन्याबद्दल. तिथे पाटी फिरायची आणि कुणालाही सोडायची नाही.

ती माझ्या दारावर पुन्हा आली ती नेमकी दिवाळीत.

घरून आलेल्या फराळाच्या डब्यात चकल्यांचा चुरा झाला होता, तो मी चमच्याने खाल्ला. खिडकीत आकाशकंदील लावला होता, आईने भावाकडून पाठवलेला, घडीचा. त्याच आठवड्यात गावातली लहान मुलं संध्याकाळी काठीला कागदी कंदील लावून, गाणी म्हणत रस्त्याने फिरत होती. तो त्यांचा कुठल्याशा संताचा सण. आमच्या इमारतीखाली येऊन ती पोरं थांबली, वर माझ्या कंदिलाकडे बोट दाखवून काहीतरी ओरडली आणि आपापले कंदील उंच करून हलवले. मी खिडकीत उभी राहून रडले. मला त्याची लाज वाटत नाही.

लक्ष्मीपूजन शनिवारी आलं. भारतीय दुकानात पणत्या होत्या, वाती होत्या, रांगोळीचे छाप होते, पण केरसुणी नव्हती. दुकानदार हसला, "झाडू कोण विमानाने आणणार मॅडम?" मी घरी येऊन जिन्याखालचं कपाट उघडलं आणि सहा घरांचा तो सामाईक झाडू वर आणला. गरम पाण्याने धुतला. भाजी चिरायच्या फळीला पाट मानलं आणि दांडा भिंतीला टेकवून त्याला उभा केला. हळद, कुंकू, शेवंतीचं एक फूल. बाहेर अंधार पडत आला होता. पणती लावली आणि दारावर टकटक झाली.

फ्राउ मायर. शनिवारची संध्याकाळ झाली होती आणि जिन्यावर पानं तशीच होती.

माझं जर्मन तेव्हा लंगडं होतं. तेवढ्यात मी सांगितलं, दिवे लागल्यावर आमच्यात झाडत नाहीत. झाडलं तर लक्ष्मी घराबाहेर जाते. आणि आज तर मुळीच नाही, कारण आज झाडू पाटावर बसलेला आहे. फ्राउ मायरनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. फळीवर झाडू, झाडूच्या कपाळावर कुंकू. त्यांनी चष्मा लावून परत बघितलं.

"शनिवार म्हणजे शनिवार," त्या म्हणाल्या. "उद्या रविवार. रविवारी झाडायचं नाही, आवाज होतो. परवा पाटी दुसऱ्यांकडे."

"आज नाही," मी म्हटलं.

"पण नियम आहे."

"माझाही आहे."

ही हुज्जत दारात किती वेळ चालली कोण जाणे. परक्या देशात, परक्या भाषेत, एका म्हाताऱ्या बाईशी मी झाडूसाठी भांडत होते, आणि खरं सांगते, दोन महिन्यांत इतकं बरं मला वाटलं नव्हतं. आल्यापासून मी सगळ्याला मान डोलवत होते. थंडीला, बटाट्याला, संध्याकाळी पाचच्या अंधाराला आणि 'तुमच्याकडे हत्ती असतात ना' ह्या प्रश्नालासुद्धा. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी नाही म्हटलं. शेवटी मी त्यांना सांगितलं, आमच्यात ह्या रात्रीनंतरच्या पहाटे नव्या केरसुणीने घर झाडतात, अलक्ष्मीला बाहेर काढतात. सूर्य उगवायच्या आत मी जिना झाडीन. रविवार असला तरी.

पहाटे मी दिव्याचं बटण न दाबता जिन्यावर उतरले. वरच्या पायरीपासून सुरुवात केली. आई सूप वाजवत म्हणायची ते तोंडात पुटपुटत होते, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. बुटांबरोबर आत आलेली पानं ओली होती, पायऱ्यांना चिकटली होती, ती सोडवताना झाडूचा आवाज व्हायचाच. तळमजल्याच्या पायरीशी पोचले तर फ्राउ मायर गाउनवर शाल घेऊन उभ्या. आता ऐकावं लागणार म्हणून मी झाडू घट्ट धरला. त्यांनी ओठावर बोट ठेवलं, "हळू." आणि वाकून सुपली धरली. मी केर लोटला, त्यांनी भरला. दोघींनी तो बाहेर नेऊन टाकला आणि आपापल्या घरात गेलो. झाडूवरचं कुंकू त्यांनी नंतरही पुसलं नाही. ते डॉक्टरांच्या आठवड्यापर्यंत तसंच होतं.

निघताना त्यांनी मला एक पाटी दिली. जुनी, कडा झिजलेली. इमारतीसाठी त्यांनी नवीन करून घेतली होती.

ती पाटी पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात माळ्यावर पडून होती. तेव्हा तिची गरजच नव्हती. आमची जुनी इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. जिना एक. त्याच जिन्याने आम्ही चढायचो, पाहुणे चढायचे, गॅसचे सिलिंडर चढायचे, आणि लताही चढायची. लता आमचा जिना झाडायला यायची, अजूनही येते, आता सफाईच्या कॉन्ट्रॅक्टरकडून. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी लहान, भांडुपला डोंगरावर राहणारी, आणि तोंडाने माझ्याइतकीच फटकळ. पायऱ्या झाडता झाडता ती प्रत्येक मजल्यावर कुणाला ना कुणाला सुनवायची, "चपला आत घ्या हो, मी काय चपलांची राखण करायला येते का?" लोक चपला आत घ्यायचे.

मग इमारत पाडली आणि टॉवर झाला. आम्ही नवव्या मजल्यावर गेलो. खाली गुळगुळीत लादीची लॉबी, तिथे प्लास्टिकची झाडं, आणि दोन लिफ्ट. एक पुढची, आरशाची. एक मागची, पत्र्याची. लॉबीत नोटीस लागली, 'सफाई कर्मचारी, घरकामगार, सफाईचे साहित्य व सामान यांच्यासाठी मागील लिफ्ट वापरावी.' आम्ही सगळ्यांनी ती वाचली, मीही वाचली. दसऱ्याच्या सुमारास मागची लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीवाला म्हणाला, पार्ट यायला वेळ लागेल. पुढची चालू होती. आणि लता बादली, फडकी, झाडू घेऊन जिना चढायला लागली.

एके दिवशी सातव्या मजल्यावर तिला कठड्याला धरून उभी बघितली. माझ्या डोक्यात सणक गेली. "चल," म्हटलं, "लिफ्टने चल माझ्याबरोबर," आणि बादलीसकट तिला आत ओढलं. दोन दिवस आम्ही अशा गेलो. तिसऱ्या दिवशी लता माझ्या दारात आली ती भांडायलाच.

"ताई, तुम्हाला कोणी सांगितलं होतं मधे पडायला?"

"काय झालं?"

"कॉन्ट्रॅक्टर बोलला, परत पुढच्या लिफ्टमधे दिसलीस तर दहिसरच्या साइटवर टाकतो. भांडुपवरून दहिसर! सकाळी पोरीचा डबा कधी करू, जाऊ कधी? तुमचं काय, तुम्ही मेंबर. तुम्हाला कोण काढतंय? तुमची मर्दुमकी माझ्या पोटावर नको ना."

"पण लता, इतके मजले..."

"चढायला मला काय होतंय? डोंगरावर राहते मी. पण तिथे चढते ते माझं घर आहे म्हणून. इथे मला चढवतात. फरक कळतो मला." तिचा आवाज चढला होता, आणि डोळे भरले होते म्हणून ती जास्तच चिडली होती. "पण हे मी बघीन काय करायचं ते. तुम्ही नका करू."

ती गेली. मी दार लावलं. तिचं खरं होतं. मी शौर्य दाखवायचं आणि भुर्दंड तिने भरायचा, ही कुठली तऱ्हा? मग मी सेक्रेटरी सामंतांकडे गेले. सामंत वाईट माणूस नाही. गणपतीत स्वतः मोदक वळतो, कुणाच्या घरी आजारपण असलं की गाडी काढतो.

"पाटकर मॅडम, तुम्ही म्हणता ते पटतं हो मला," तो म्हणाला. "पण लोकांच्या तक्रारी आहेत. बादली सांडते, वास येतो. हायजीनचा प्रश्न आहे ना. मागची लिफ्ट सुरू झाली की झालं."

"मागची सुरू झाल्यावर काय झालं? मग ती पत्र्याच्या डब्यातून जाईल, इतकंच."

"अहो, सगळीकडे असंच असतं. तुम्ही तर फॉरेनला राहून आलात."

हे ऐकलं आणि मला फ्राउ मायरच्या हातातली सुपली आठवली. घरी येऊन मी माळा उपसला. पाटी काढली, पुसली आणि आमच्या दाराच्या मुठीला टांगली. दुसऱ्या दिवसापासून मी पुढची लिफ्ट सोडली. येताजाता जिना, आणि हातात घरातली जुनी केरसुणी. ऑफिसला जाताना ती वॉचमनच्या टेबलापाशी ठेवायची, येताना उचलायची. कुणी विचारलं की सांगायचं, "सफाईचं साहित्य आहे ना हातात. नोटीस आहे." लताने बादली वाहून आणायची नाही, पाणी माझ्या नळाचं घ्यायचं, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. ते तिने घेतलं, पण मला वेड्यात काढून. "गुडघे बघा तुमचे," ती म्हणायची. अनिलही तेच म्हणायचा. गुडघे खरंच दुखत होते. रात्री तेल लावताना मी त्या दोघांनाही शिव्या घालायची.

लोक हसले. मग विचित्र बघायला लागले. आठव्या मजल्यावरच्या वहिनींनी मला मेनोपॉजवरचा एक लेख पाठवला. मी त्यांना आभाराचा अंगठा पाठवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिना चढले.

अशात लक्ष्मीपूजन उगवलं.

सकाळी मी स्टेशनबाहेर गेले. केरसुणीवालीचा ढीग अर्धा संपला होता. माझी नवी केरसुणी घेऊन मी परत आले आणि लॉबीत दम खायला खुर्चीवर बसले. बसल्या बसल्या बघते तर गेटातून आमची सोसायटी येत होती. चौथ्या मजल्यावरचे, सहाव्यावरचे, बाराव्यावरचे, आंघोळ करून, नवे कपडे घालून. कुणाच्या हातात झेंडूची माळ, कुणाच्या हातात बत्तासे. आणि प्रत्येकाच्या हातात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, काखेत धरलेली, एकेक केरसुणी. सगळे निघाले होते आरशाच्या लिफ्टकडे.

मला हसूच फुटलं. उठले आणि लिफ्टच्या दाराशी, नोटिशीखाली जाऊन उभी राहिले.

"सामंत, झाडू घेऊन पुढच्या लिफ्टने नाही जाता येत."

सामंत थबकला. त्याच्या मागे त्याची बायको, तिच्या मागे बाराव्यावरचे आजोबा. "काय यार मॅडम, सणाच्या दिवशी पण? ही झाडू नाही हो. लक्ष्मी आहे."

"संध्याकाळी होईल. आत्ता हळदकुंकू लागलेलं नाही, आत्ता ती सफाईचं साहित्य आहे. वाचा ना."

"अहो, पण नवी आहे. कोरी आहे. हिने अजून काही झाडलेलंसुद्धा नाही."

"म्हणजे जिने अजून काही केलं नाही ती लिफ्टने जाणार. आणि जिने आयुष्यभर तुमची घाण काढली, ती जिन्याने."

बाराव्यावरचे आजोबा आपल्या काखेतल्या पुडक्याकडे बघत राहिले. मला वाटलं, समजलं. आता कुणीतरी एक शब्द बोलेल. तेवढ्यात जिन्यावरून लता उतरली, हातात झाडू, खांद्यावर फडकं. आणि सामंतवहिनींचा चेहरा खुलला. अगदी सहज, अगदी प्रेमाने, त्यांनी नवऱ्याच्या काखेतलं पुडकं काढलं आणि लतासमोर धरलं.

"लता, बरी आलीस गं. परत जिन्याने वर जाशीलच ना? जाता जाता एवढी आमच्या दाराशी ठेव ना. वादच नको."

आणि खरंच सांगते, त्यांच्या मागून आणखी दोन हात पुढे आले. "माझी पण, सहाव्यावर." "आजोबांची पण दे गं तिच्याकडे." काय चाललंय हे त्यांच्यातल्या एकाच्याही लक्षात येत नव्हतं. लक्ष्मीने जिन्याने जायला त्यांची हरकत नव्हती. लक्ष्मी जिन्याने जायची असेल तर ती लताने न्यावी, एवढंच त्यांना सुचलं होतं. मला भयंकर राग आला. लताकडे बघायचं धाडस होईना. माझ्या हट्टामुळे तिच्या ओंजळीत आता सगळ्या बिल्डिंगच्या केरसुण्या पडत होत्या.

लताने एकेक केरसुणी घेतली. सामंतांची, सहाव्यावरची, आजोबांची. मग माझ्याकडे आली, माझ्या हातातलीही काढून घेतली. सगळ्या कवेत धरल्या, हनुवटीने दाबल्या.

"वहिनी," ती म्हणाली, "आज लक्ष्मीला चालवत नाहीत. एवढं मला पण माहितीये."

आणि ती पुढच्या लिफ्टमध्ये शिरली.

वॉचमन उठून उभा राहिला. सामंत म्हणाला, "लता, अगं, कॉन्ट्रॅक्टर..."

"बोलवा ना त्याला. सांगा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी झाडू घेऊन आलेल्या बाईला लिफ्टमधून उतरवायचंय, येऊन उतरव. मी पण बघते कोण उतरवतंय." आरशात ती पाठमोरी दिसत होती, केरसुण्यांच्या पानांच्या वर तिचा अंबाडा. "नाव माझं सांगा. पाटकरताईंचं नका सांगू. मी चढलेय."

कुणी पुढे झालं नाही. सामंतने नोटिशीकडे बघितलं, मग केरसुण्यांकडे, मग बायकोकडे. आजोबा मात्र हळूहळू चालत लिफ्टमध्ये जाऊन तिच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "माझा बारावा." दार लागलं.

मी नोटीस निघेपर्यंत लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून जिन्याने निघाले. कधी नव्हे ते हात रिकामे होते. पाचव्या मजल्यावर फराळाच्या तळणाचा वास येत होता, सातव्यावर कुणीतरी कंदिलाची वायर ओढत होतं. गुडघे कुरकुरत होते आणि मी मनात फ्राउ मायरशी बोलत होते, की बाई, तुमच्या जिन्यावर पाटी दारोदार फिरायची. आमच्याकडे ती फिरत नाही, आमच्याकडे ती पिढ्यान् पिढ्या त्याच दारांवर लटकलेली असते. ती काढून दुसऱ्या दारावर लावायची म्हणजे भांडावं लागतं, रविवार असो की सण.

नवव्या मजल्यावर पोचले तर लता माझ्या दाराशी उभी. बाकीच्या केरसुण्या तिने ज्याच्या त्याच्या दारात पोचवल्या होत्या, माझी तेवढी हातात होती. मुठीवरच्या पाटीकडे ती बघत होती.

"किती वेळ ताई! म्हातारं पण तुमच्या आधी पोचलं." तिने केरसुणी माझ्या हातात दिली. "घ्या तुमची लक्ष्मी."

"आता?" मी विचारलं. "कॉन्ट्रॅक्टरने खरंच दहिसरला टाकलं तर?"

"टाकलं तर दहिसरच्या लिफ्टमधे चढीन," ती म्हणाली. तिने हात फडक्याला पुसले. मग पुढच्या लिफ्टपाशी जाऊन तिने बटण दाबलं. वर येताना तिच्या कवेत सगळ्या सोसायटीची लक्ष्मी होती. आता तिच्या हातात काहीच नव्हतं.

खालून लिफ्ट वर येत होती. मी तिच्याकडे बघितलं, तर ती ताठ उभी राहून बंद दाराकडे बघत होती. मी केरसुणी दाराला टेकवून ठेवली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

दार उघडलं. आत सामंत होता.

"कुठे?" बटणांच्या पट्टीवर बोट ठेवत तो म्हणाला.

"खाली," लता म्हणाली आणि आत गेली.